चेनलिंक जाळीच्या मशीनवरचा कटर: बसवणं, जुळवणं आणि बिघाड ओळखणं

चेनलिंक जाळीचं मशीन बघायला आलेला माणूस वर्मसमोर, म्हणजे तारेला वळण देणाऱ्या आटेदार साच्यासमोर, उभा राहतो. सरळ तार आत शिरते, चपटा स्पायरल बाहेर पडतो आणि आधीच्या स्पायरलमध्ये फिरत फिरत गुंतत जातो. ते बघण्यासारखंच असतं. कटरकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण कर्जत-मुरबाडकडच्या प्लॉटवर बंडल उलगडलं की गिऱ्हाइकाच्या हाताला आधी लागते ती जाळीची कड, आणि ती कड घडते कटरवर.

कुर्ला-साकीनाक्याच्या किंवा वसईच्या गाळ्यात एखादं अर्धस्वयंचलित मशीन टाकून नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे: एकतारी मशीन, १० गेजची (३.२५ मिमी जाड) जीआय, म्हणजे जस्त चढवलेली तार, ५० मिमी घर, ५ फूट उंची, ५० फुटांचं बंडल. तुमचा माल वेगळा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. कड बिघडली की नवा माणूस पाती काढून धार लावायला पळतो. बहुतेक वेळा धार ठीक असते. कट चुकीच्या जागी पडत असतो.

एक कट, दोन टोकं

वर्मच्या आत फिरणारी सपाट पट्टी तारेला चपट्या स्पायरलचा आकार देते. वरून पाहिलं तर हा स्पायरल नागमोडी दिसतो: एक वळण, मग ५० मिमी सरळ भाग, पुन्हा वळण. या सरळ भागाला इथे ‘पाय’ म्हणू. घर चौकोनी असेल तर प्रत्येक पाय स्पायरलच्या आसाशी ४५ अंशांत असतो. घराचा उभा कर्ण ५० गुणिले १.४१४, म्हणजे ७०.७ मिमी. पट्टीच्या एका पूर्ण फेरीत स्पायरल तेवढा पुढे सरकतो, अर्ध्या फेरीत ३५.३५ मिमी.

आता कट. तो वळणावर नको, पायाच्या मधोमध हवा. कारण कापल्यावर पुढच्या तुकड्याला शेपूट मिळते आणि मागून येणाऱ्या तुकड्यालाही मिळते. पाय ५० मिमीचा, म्हणून दोघांना २५-२५. कडेच्या वळणात शेजारचे दोन स्पायरल आधीच अडकलेले असतात. ही २५ मिमी शेपूट दुमडली की आकडा बंद होतो आणि गाठ बसते. कट सरकला तर एकाला ३५ आणि दुसऱ्याला १५ मिळतात. १५ मिमीची शेपूट गाठ मारायच्या पकडीत नीट येत नाही, आली तरी आकडा उघडा राहतो. ३५ मिमीची शेपूट दुमडून खालच्या घरात घुसते आणि जाळी गुंडाळताना अडकते.

प्रत्येक स्पायरलचं पुढचं टोक जाळीच्या एका कडेला जातं आणि मागचं टोक दुसऱ्या कडेला. म्हणून कटरची जागा चुकली की एका कडेच्या सगळ्या शेपट्या लांब आणि दुसऱ्या कडेच्या सगळ्या आखूड येतात. ही खूण लक्षात ठेवा, बिघाड शोधताना तीच कामी येते.

किती वेळा कापायचं तेही बघा. एक स्पायरल जाळीच्या लांबीत ३५.३५ मिमीची भर घालतो. ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर, म्हणजे एका बंडलला सुमारे ४३० स्पायरल आणि तेवढेच कट. दिवसाला दहा बंडलं काढली तर ४,३०० वेळा पातं खाली येतं. हातकटरने हे जमत नाही असं नाही, पण दुपारनंतरचे कट आणि सकाळचे कट सारखे येत नाहीत.

कटरमध्ये काय काय असतं

वर्मच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, विणकामाची चॅनल (जिथे नवा स्पायरल आधीच्या स्पायरलमध्ये गुंततो) सुरू होण्याआधी, कटरचा ब्रॅकेट बसतो. त्यात खालचं स्थिर पातं, वरचं चालतं पातं, पातं धरणारा आर्म, आर्मची पिन आणि तिच्याभोवतीची गनमेटलची नळी म्हणजे बुश, पातं परत उचलणारी स्प्रिंग आणि आर्म कुठपर्यंत खाली यावा हे ठरवणारा स्टॉपर बोल्ट एवढं असतं. आर्मला जोर हाताच्या दांड्याने, पायाच्या पेडलने, कॅमने किंवा हवेच्या सिलिंडरने देतात. ब्रॅकेटला लांबट खाचा असल्याच पाहिजेत, म्हणजे अख्खा कटर स्पायरलच्या आसाच्या दिशेने मागेपुढे सरकवता येईल. काही स्वस्त मशिनींत ब्रॅकेट सरळ वेल्ड केलेला येतो. असं मशीन घेऊ नका, किंवा घेतलंच तर पहिल्या दिवशी ग्राइंडरने तो वेल्ड कापून खाचांची प्लेट लावून घ्या.

स्थिर पात्यावर तार बसायला अर्धगोल खाच असते. ३.२५ मिमी तारेला साधारण ३.५ मिमीची खाच पुरते. खाच नसेल तर कापताना तार बाजूला घसरते आणि टोक चपटं होतं. पात्याची रुंदी १० ते १२ मिमीपेक्षा जास्त नको; पायाच्या मध्यापासून पुढचं वळण आसाच्या दिशेने जेमतेम १७-१८ मिमी लांब असतं, रुंद पातं त्याला टेकून वळण दाबतं.

चॅनलमधली जाळी आणि कटर यांच्यामध्ये स्पायरलला खालून आधार देणारी छोटी पट्टी हवी. ती नसेल तर लांब स्पायरल स्वतःच्या वजनाने वाकतो, पाय खाचेत बसत नाही, आणि मग कधी कट नीट, कधी वाकडा.

जोर किती लागतो

तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले पोलादाची कातर-ताकद, एवढाच हिशोब. मऊ जीआय तारेची ताण-ताकद चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटन धरली तर कातर-ताकद तिच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे ३६०. त्यावरून १४ गेजला (२.०३ मिमी) सुमारे १२० किलो, १२ गेजला (२.६४ मिमी) २०० किलो, १० गेजला (३.२५ मिमी) ३०० किलो आणि ८ गेजला (४.०६ मिमी) ४७५ किलो जोर लागतो. तार कडक असेल तर हे आकडे दीडपटही होतात. त्यामुळे नव्या कॉइलवर पहिले दहा कट जड गेले तर आधी तारेवर संशय घ्या.

हाताचा दांडा ६०० मिमी आणि पिनपासून पात्याचं अंतर २५ मिमी असेल तर जोर २४ पट होतो. १० गेजला हातावर साडेबारा किलो येतात. एकदा सोपं आहे. ४३० वेळा नाही. म्हणून १० गेज आणि त्याहून जाड तारेला पेडल किंवा हवा घ्यावी.

हवेवर चालवायचं असेल तर ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार दाबाला सुमारे १९० किलो देतो. १:३ चा आर्म लावला तर ५७०, आणि घर्षणात पाचवा हिस्सा गेला तरी ४५५ किलो उरतात. १० गेजला पुरेसे. पण कॉम्प्रेसर लहान असेल आणि शेजारचं दुसरं काम त्याच हवेवर चालत असेल तर दाब ४.५ बारवर उतरतो, मग हातात ३४० किलोच राहतात आणि पातं अर्ध्या तारेत अडकू लागतं. ८ गेजचं काम येणार असेल तर सुरुवातीलाच ८० मिमीचा सिलिंडर टाका. ६ बारला त्याच आर्मवर तो ७३० किलोपर्यंत जातो. सिलिंडर, वॉल्व्ह, फिल्टर-रेग्युलेटर हे सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. सेन्सर, काउंटर, कॉन्टॅक्टर लोहार चाळीत. बोअर आणि स्ट्रोक (दांडा किती पुढे येतो ते) कागदावर लिहून न्या, ‘कटरचा सिलिंडर द्या’ म्हणून कुणी देत नाही.

पाती: पोलाद आणि धार

पात्यांना डी-२ पोलाद (बाजारात एचसीएचसीआर म्हणतात) घ्यावं आणि ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (हे कडकपणाचं माप) हार्ड करून घ्यावं. ओएचएनएस (तेलात हार्ड होणारं टूल पोलाद) स्वस्त पडतं आणि चालतंही, पण लवकर बोथट होतं. हार्डनिंगला देताना कडकपणाचा आकडा चलनावर लिहून घ्या. ६२च्या वर गेलेलं पातं धार छान धरतं आणि कोपऱ्यातून तुटतं.

कडा भाजीच्या सुरीसारखी पातळ करायची नाही. तार कातरली जाते, चिरली जात नाही. पात्याची कडा जवळजवळ काटकोनातच ठेवायची, मागच्या बाजूला २-३ अंश सूट द्यायची, म्हणजे पातं कापलेल्या टोकाला घासत नाही. चौकोनी ठोकळ्याचं चालतं पातं केलं तर चारही कडा फिरवून वापरता येतात. धार लावायला पाठवण्याआधी तीन वेळा फिरवायची सोय होते.

धार सरफेस ग्राइंडरवर, पाणी चालू ठेवून, एका फेरीत ०.०१ ते ०.०२ मिमी काढत लावावी. हातग्राइंडरवर लावलेली धार निळी पडते. निळा रंग आला म्हणजे तिथला कडकपणा गेला. ते पातं शंभर कटांत बोथट होतं. जेवढं घासून काढलं तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पत्र्याची चकती) पात्यामागे घाला, नाहीतर पुढची सगळी जुळवणी फसते.

बसवण्याच्या पायऱ्या

१. मेन स्विच बंद करा, हवा असेल तर लाइनचा वॉल्व्ह बंद करून उरलेली हवा सोडा. स्प्रिंगने वर धरलेला आर्म लाकडी ठोकळा घालून अडवा. हवेचा कटर वीज गेली तरी एकदा खाली येऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

२. पट्टी हाताने फिरवून चपटी बाजू पूर्ण आडवी करा. पट्टीच्या शाफ्टवर दोन खाचांची चकती, समोरासमोर १८० अंशांवर, आणि त्यात बसणारा स्प्रिंगचा खटका असावा. खटका बसला की पट्टी आडवीच असली पाहिजे. नसेल तर चकतीचा स्क्रू सैल करून ती जुळवा. हे आधी केल्याशिवाय पुढची कोणतीही पायरी टिकत नाही.

३. हाताने फिरवून दीड-दोन फूट स्पायरल बाहेर काढा. कटरच्या जागेजवळ येणारा पाय शोधा, त्याच्या दोन्ही वळणांपासून मोजून मधोमध मार्करने खूण करा.

४. कटरचा ब्रॅकेट सैल ठेवून सरकवा आणि पात्यांची रेषा खुणेवर आणा. इथेच आणखी एक गोष्ट बघायची: पाती आसाला काटकोनात नव्हे, तर त्या पायाला काटकोनात हवीत. आसाला काटकोनात लावलेलं पातं तार ४५ अंशांत तिरकी कापतं. कापायचं क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी वाढतं, त्याच प्रमाणात जोर वाढतो, आणि टोक सुईसारखं अणकुचीदार येतं. गाठ मारणाऱ्याचे हातमोजे आठवड्यात फाटत असतील तर आधी हा कोन तपासा.

५. स्थिर पात्याची खाच तारेच्या बरोबर खाली, तारेला जेमतेम स्पर्श करेल अशी आणा. खाच वर असेल तर स्पायरल उचलला जातो आणि पुढे जाताना पात्याला अडकतो. खाली असेल तर कापण्याआधी तार वाकते.

६. दोन पात्यांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. तारेच्या जाडीच्या ३ ते ५ टक्के. १० गेजला ०.१० ते ०.१५ मिमी. फट पात्याच्या दोन्ही टोकांना सारखी हवी, त्यामुळे गेज डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही जागी फिरवून बघा.

७. स्टॉपर बोल्ट असा लावा की चालतं पातं स्थिर पात्याच्या कडेखाली साधारण १ मिमी उतरून थांबेल. त्याहून खाली गेलं तर उगाच झीज.

८. सगळे बोल्ट आवळा आणि फट पुन्हा मोजा. आवळताना ब्रॅकेट हटतोच.

९. हाताने आर्म दाबून पाच कट घ्या. मग हवा सुरू करून पाच. मगच मोटर.

मोजणी: तुकडा केव्हा कापायचा

जुन्या पद्धतीत चॅनलच्या टोकाला लिमिट स्विच असतो; स्पायरलचं टोक येऊन टेकलं की मशीन थांबतं. दिसायला सोपं, पण टोक वाकडं आलं की स्विच चुकतो, आणि तो लांबी मोजतो, फेऱ्या नाही. त्यापेक्षा पट्टीच्या शाफ्टवरच्या त्या चकतीजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) लावून अर्ध्या फेऱ्या मोजणारा काउंटर बरा. चकतीच्या दोन खाचा म्हणजे एका फेरीत दोन गणती.

आकडा कोणता ठेवायचा? कटापासून कटापर्यंत जेवढ्या अर्ध्या फेऱ्या, त्यातून एक वजा करून ३५.३५ ने गुणलं की दोन्ही कडांच्या वळणांमधली उंची मिळते. ४३ ठेवले तर १,४८५ मिमी, ४५ ठेवले तर १,५५६. पाच फूट म्हणजे १,५२४. मधला ४४ का नाही? विणताना जाळी जागची सरकवत नसाल तर आकडा विषमच लागतो. विषम आकड्याने पट्टी दर वेळी अर्धी फेरी उलटी थांबते, त्यामुळे पुढच्या स्पायरलची वळणं आधीच्या वळणांसमोर येतात. सम आकडा ठेवला तर नवा स्पायरल अर्ध्या घराने सरकलेला येतो आणि गुंततच नाही. म्हणून पाच फुटांच्या मालाला ४५ ठेवा. तीन सेंटिमीटर जास्त गेल्याची तक्रार कुणी करत नाही. सहा फुटांना ५३ ठेवले की १,८३८ मिमी येतात, म्हणजे जवळजवळ नेमके. चार फुटांना ३५ ने १,२०२ आणि ३७ ने १,२७३ अशी अडचण होते. ऑर्डर घेतानाच किती उंची देणार ते बोलून घ्या. टेंडरच्या कामात आयएस २७२१ चा (चेनलिंक जाळीचं भारतीय मानक) उल्लेख असेल तर मोजमापांची सूट त्यातच बघावी, अंदाजाने नाही.

७०.७ हा कागदावरचा आकडा आहे. तुमच्या वर्मचा खरा आकडा काढायला तयार जाळीत सलग दहा घरांची उभी लांबी मोजा, दहाने भागा.

थांबण्याचा मुद्दा वेगळा. पट्टी मिनिटाला २०० फेऱ्या फिरत असेल तर ब्रेक लागायला ०.१ सेकंद लागला तरी ती एक तृतीयांश फेरी पुढे जाते. तारेवर मोजलं तर ३३ मिमी, म्हणजे मधोमध धरलेला कट थेट पुढच्या पायावर जाऊन पडतो. दर वेळी तेवढाच उशीर होत असेल तर तो जुळवणीत धरता येतो. पण ब्रेकचं लायनिंग सकाळी थंड आणि दुपारी गरम असतं, उशीर बदलतो. उपाय दोन. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह लावून शेवटच्या दोन फेऱ्या मिनिटाला ४० च्या वेगाने काढायच्या. मग तोच ०.१ सेकंद तारेवर साडेसहा-सात मिमीवर येतो. आणि उरलेलं काम खटक्यावर सोडायचं: पट्टी सावकाश येऊन खाचेत बसते, ब्रेक फक्त मदत करतो.

क्रम असा पक्का करा: वेग कमी, थांबा, खटका बसला, पातं खाली, पातं वर आल्याचा सिग्नल, खटका सुटला, पुन्हा सुरू. ‘पातं वर आलं’ हे सिलिंडरवरच्या रीड स्विचने कळलं पाहिजे, टायमरने नव्हे. टायमरवर चालणाऱ्या मशीनमध्ये हवा कमी पडली की पातं खालीच असतं आणि मोटर सुरू होते. नवा स्पायरल पात्यावर आदळून गोळा होतो. तो सोडवायला अर्धा तास जातो, कधी पट्टीही वाकते.

पहिल्या वीस तुकड्यांची तपासणी

विणलेल्या जाळीच्या दोन्ही कडांच्या वीस-वीस शेपट्या मोजा. एका कडेला सगळ्या ३२ च्या आसपास आणि दुसरीला १८, तर कटर सरकवायचा. फरक १४, म्हणजे तारेवर ७ मिमी, आसाच्या दिशेने ५ मिमी. कटर वर्मपासून लांब नेला तर पुढच्या तुकड्याची मागची शेपूट आखूड होते आणि येणाऱ्या तुकड्याची पुढची लांब. उलट हवं तर उलट सरकवा.

एकाच कडेला कधी २८, कधी २०, कधी २५ असं येत असेल तर कटरला हात लावू नका. दोष ब्रेक, खटका किंवा सेन्सरमध्ये आहे. खटक्याचं टोक झिजून गोल झालं आहे का, चकतीचा ग्रब स्क्रू सैल आहे का, सेन्सरवर तेलाचा आणि जस्ताच्या चुऱ्याचा थर बसला आहे का, या क्रमाने बघा.

मग कापलेलं टोक भिंगातून बघा. चांगल्या कटात साधारण एक तृतीयांश भाग चकचकीत आणि बाकीचा मंद, खरखरीत दिसतो. कड वाकून शेपटीसारखी बर (सुटलेली धारदार किनार) निघाली असेल तर फट जास्त आहे किंवा पातं बोथट. जवळजवळ सगळा छेद चकचकीत, मधे दुसरा पट्टा, आणि पात्यावर घासल्याच्या रेघा, तर फट कमी आहे. बर एकाच बाजूला येत असेल तर फट दोन टोकांना सारखी नाही. सहावी पायरी पुन्हा.

बिघाड, थोडक्यात आणि विस्ताराने

पातं कोपऱ्यातून तुटलं: फट कमी, कडा पातळ, किंवा पातं जास्त हार्ड. तीनही तपासा, नवं पातं तसंच चढवू नका.

पातं अर्ध्यात अडकतं: दाब, मग तारेचा कडकपणा, मग आर्मच्या पिनमध्ये ग्रीस आहे का, या क्रमाने बघा.

सकाळी कट स्वच्छ, दुपारी बर. हे बऱ्याच जणांना छळतं आणि बहुतेक वेळा धार बदलून पाहिली जाते. खरं कारण पिनचा बुश असतो. बुशमध्ये ०.१ मिमी खेळ आला की तुमची ०.१५ ची फट दाबाखाली ०.२५ होते. स्थिर असताना फिलर गेज बरोबर दाखवतो, कारण तेव्हा जोर नसतो. आर्मला पाती जवळ येतील त्या दिशेने हाताने ढकलून आणि मग उलट ओढून, दोन्ही वेळा फट मोजा; फरक दिसला तर बुश बदला. बुश स्वस्त आहे, रोज ग्रीस दिलं तर टिकतोही.

पात्याच्या खाचेत पांढरट थर बसतो ते जस्त. दर बंडलानंतर रॉकेलच्या फडक्याने पुसा, खरवडू नका. पीव्हीसी चढवलेली तार कापत असाल तर पाती वेगळी ठेवा. प्लास्टिकची फीत फटीत अडकते आणि पाती एकमेकांपासून दूर ढकलते. शिवाय खाचेचं माप आतल्या तारेवरून नाही, वरच्या प्लास्टिकसकट घ्यायचं.

७५ मिमी घराचा माल आला, वर्म आणि पट्टी बदलली, की कटरची सगळी जुळवणी नव्याने. फेरीला आता १०६ मिमी, शेपट्या साडेसदतीस. जुन्या जागेवर कटर ठेवून ‘बघू कसं येतं’ करण्यात एक कॉइल वाया जाते. दोन्ही मालांसाठी ब्रॅकेटच्या प्लेटवर पंचाने खूण करून ठेवली तर पुढच्या वेळी काम दहा मिनिटांचं.

वेल्डमेशचा (सरळ तारा वेल्ड करून केलेल्या जाळीचा) कटर हा वेगळा प्रकार, पण विचारणारे विचारतात म्हणून एवढंच: तिथे सगळ्या तारा एकाच ओळीत एकदम कापायच्या असतात. १.२ मीटर रुंदीत ५० मिमी अंतरावर २.५ मिमीच्या २५ तारा असतील तर एका दमात साडेचार टन लागतात. म्हणून वरचं लांब पातं जरा तिरकं असतं. एका वेळी तीन-चार ताराच तोंडात येतात आणि जोर सहा-सातशे किलोंवर उतरतो.

पावसाळ्यातली कामं

जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या गाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं. सकाळ-संध्याकाळ ड्रेन करा, फिल्टरचा वाडगा रिकामा करा. ते पाणी सिलिंडरमध्ये गेलं की सील खराब होतात आणि पातं सावकाश परततं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आलेल्या कॉइल टेम्पोत भिजल्या असतील तर गुंडाळलेल्या प्लास्टिकमध्ये तशाच ठेवू नका; आत पांढरा गंज धरतो. उघडून, लाकडी पट्ट्यांवर, हवा लागेल अशा ठेवा. कापलेल्या टोकावर जस्त नसतं, उघडं लोखंड असतं. आजूबाजूच्या जस्तामुळे ते थोडं वाचतं, पण माल वरळी-वर्सोव्यासारख्या खाऱ्या वाऱ्यात जाणार असेल तर गाठी मारल्यावर दोन्ही कडांना झिंक-रिच पेंटचा हात मारून द्या.

हात आणि डोळे

कापताना स्पायरलचं सुटं टोक झटक्याने उघडतं, म्हणून चष्म्याशिवाय कटरसमोर उभं राहायचं नाही. हातमोजे गाठ मारताना घाला. पट्टी फिरत असताना वर्मच्या तोंडाजवळ हातमोजा घातलेला हात नेऊ नका, तो तारेबरोबर आत ओढला जातो. पात्यांच्या भोवती पातळ पत्र्याची किंवा पॉलिकार्बोनेटची पेटी करा, तारेपुरतं भोक ठेवा. साफसफाईला गार्ड काढून ठेवतात आणि तो महिनाभर कोपऱ्यात पडून राहतो. गार्डवर लिमिट स्विच लावला की गार्डशिवाय मशीन सुरूच होत नाही आणि वादही होत नाहीत. पेडलवर झाकण हवं, नाहीतर खाली पडलेली कॉइल पेडल दाबते.

कटरजवळ एक लहान वही टांगा. कोणत्या तारखेला कोणती कडा फिरवली, किती शिम घातली, कोणत्या कॉइलवर जड गेलं. डबी एक: पात्यांचा तयार जोड, दोन बुश, एक पिन, परतीच्या दोन स्प्रिंगा, ०.०५ आणि ०.१० च्या शिमा, रीड स्विच एक, फिलर गेज, ॲलन की. नागदेवी रविवारी बंद असते, आणि स्प्रिंग नेमकी शनिवारी रात्री तुटते.